मिनिएचर रायफल क्लब आणि हौशी नेमबाजी स्पर्धेची घडण : इंग्लंड व भारत

प्रस्तावना

क्रीडेच्या इतिहासाचे लेखन आपल्याकडे बहुधा पदकापासून सुरू होते व पदकापाशीच थांबते. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिस ऑलिंपिकच्या ५० मीटर रायफल थ्री पोझिशन प्रकारात कोल्हापूर जिल्ह्यातील कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी कांस्यपदक मिळविले, तेव्हा १९५२ सालच्या खाशाबा जाधव यांच्या पदकाची आठवण सर्वत्र काढली गेली. ती रास्तच होती. परंतु कुसाळे ज्या काडतुसाने खेळले ते .२२ रिमफायर काडतूस कोठून आले, त्याभोवती स्पर्धा नावाची गोष्ट कशी उभी राहिली, आणि ती भारतात इतक्या उशिरा व इतक्या अरुंद वाटेने का आली, हे प्रश्न त्या गदारोळात कोणी विचारले नाहीत.

नेमबाजीचा इतिहास दोन दालनांत सापडतो. एक शस्त्रास्त्रांचे, ज्यात नळी, चाप आणि दारू यांची वर्णने असतात. दुसरे विक्रमांचे. या दोहोंच्या मध्ये एक मोठा प्रदेश जवळजवळ अलिखित राहिला आहे, तो म्हणजे संध्याकाळी कामावरून आल्यावर ओळखीच्या दहा-बारा माणसांनी एखाद्या कोठारात वा भिंतीआड जमून आपापसांत खेळलेली नेमबाजी. अशी स्पर्धा भरवायला काय लागते? रायफल लागते, जागा लागते, काडतुसे लागतात. पण तेवढ्याने स्पर्धा होत नाही. कोणाची गोळी रेषेला लागली आणि कोणाची आत गेली, हे सर्वांनी मान्य करावे लागते. उत्तम नेमबाज आणि नवशिका एकाच रांगेत झोपून खेळणार असतील तर त्यांच्यात बरोबरी कशी आणायची, हे ठरवावे लागते. आणि ज्याच्या हाती जीव घेऊ शकेल अशी वस्तू आहे, त्याच्याकडे पाठ करून उभे राहण्याइतका विश्वास लागतो. या मैत्रीतील स्पर्धेचा खरा शोध बंदूक हा नसून विश्वासाची ही कागदी व्यवस्था हा होय, आणि वसाहतकालीन भारतात शस्त्राइतकीच ही व्यवस्थाही नाकारली गेली, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे.

दिवाणखान्यातील काडतूस

१८४५ साली पॅरिसमधील बंदूककार लुई-निकोला फ्लोबेर याने एक साधी युक्ती केली. त्या काळी बंदुकीचा बार उडविण्यासाठी तांब्याची छोटी टोपी वापरत, तिच्यात आघाताने पेटणारे मिश्रण असे. फ्लोबेरने त्या टोपीच्याच तोंडावर एक बारीक गोळी बसविली. दारू वेगळी भरायची गरजच उरली नाही. या काडतुसात जोर फारसा नव्हता आणि तो असावा अशी अपेक्षाही नव्हती. युरोपातील सुखवस्तू घरांत जेवणानंतर दिवाणखान्यात किंवा बागेत पाहुण्यांनी नेम धरावा, एवढाच त्याचा उपयोग होता. म्हणजे ज्या काडतुसाने पुढे लक्षावधी लोक नेमबाजी शिकले, त्याचा जन्म युद्धासाठी वा शिकारीसाठी झाला नाही. तो घरगुती करमणुकीसाठी झाला.

त्याची रचना समजून घेणे आवश्यक आहे, कारण पुढचा सामाजिक इतिहास तिच्यावर उभा आहे. या काडतुसाच्या बुडाला किंचित बाहेर आलेला काठ असतो. त्या काठाच्या पोकळीत स्फोटक मिश्रण भरलेले असते. चाप ओढल्यावर खटका बुडाच्या मध्यावर न आदळता काठावर आदळतो, काठ चेपतो आणि ठिणगी पडते. काठ चेपण्याइतका पातळ ठेवावा लागत असल्यामुळे काडतुसात फार दाब निर्माण करता येत नाही. एकदा उडालेली पुंगळी पुन्हा भरताही येत नाही. पण याच मर्यादांमुळे ते बनविणे सोपे आणि स्वस्त होते. अमेरिकेत स्मिथ अँड वेसन या कंपनीने १८५७ मध्ये .२२ शॉर्ट हे काडतूस आणले आणि १८८७ च्या सुमारास स्टीव्हन्स कंपनीने .२२ लाँग रायफल. ४० ग्रेनची, म्हणजे सुमारे अडीच ग्रॅमची शिशाची गोळी, सौम्य आवाज आणि खांद्याला जवळजवळ न जाणवणारा धक्का ही त्याची वैशिष्ट्ये. आजही ऑलिंपिकमधील ५० मीटर रायफल आणि २५ मीटर पिस्तूल या प्रकारांत हेच काडतूस वापरले जाते.

सौम्य म्हणजे निरुपद्रवी नव्हे. मोकळ्या जागेत ही गोळी दीड किलोमीटरहून अधिक अंतर जाऊ शकते. त्यामुळे दिवाणखान्यातून बाहेर पडताच या खेळाला मागे मातीचा बांध, समोर एकच दिशा आणि सर्वांनी ऐकायचा एक आवाज यांची गरज लागली. आपल्याकडे जत्रेत फुगे फोडण्याच्या छऱ्याच्या बंदुकीमागे फळी व कापड लावून जो आडोसा केलेला असतो, त्याचे कूळ युरोपातील जत्रांमधल्या व मद्यगृहांतल्या नेमशाळांशी जुळते. बहुसंख्य मराठी माणसांचा नेमबाजीशी आलेला संबंध तेवढाच आहे.

बोअर युद्धाचा धक्का

इंग्लंडमध्ये रायफल नेमबाजीची राष्ट्रीय संघटना १८५९ पासून होती. तिच्या पहिल्या मेळाव्यात, २ जुलै १८६० रोजी विम्बल्डन येथे, खुद्द राणी व्हिक्टोरियाने पहिली गोळी झाडली होती. मात्र मोठ्या रायफलीला शेकडो यार्डांचे मैदान लागे. १८९० पासून हे सामने सरे परगण्यातील बिस्ली येथे भरू लागले आणि तेथपर्यंत जायला सवड व पैसा दोन्ही लागत. गिरणी कामगाराला, कारकुनाला किंवा गावच्या सुताराला हा खेळ परवडणारा नव्हता.

हे चित्र पालटले ते दक्षिण आफ्रिकेतील पराभवांमुळे. डिसेंबर १८९९ च्या एकाच आठवड्यात स्टॉर्मबर्ग, माखर्सफॉन्टेन आणि कोलेन्सो या तीन ठिकाणी ब्रिटिश सैन्याने मार खाल्ला. समोर कवायती फौज नव्हती. लहानपणापासून बंदूक हाताळलेले शेतकरी होते. कोलेन्सोच्या लढाईत लॉर्ड रॉबर्ट्स यांचा एकुलता मुलगा जखमी होऊन मरण पावला, आणि त्याच सुमारास त्या युद्धाची सूत्रे रॉबर्ट्स यांच्या हाती देण्यात आली. मे १९०० मध्ये पंतप्रधान लॉर्ड सॉल्सबरी यांनी प्रिमरोझ लीगपुढील भाषणात देशातील घरोघर रायफल पोचावी आणि त्यासाठी क्लब निघावेत अशी इच्छा जाहीरपणे व्यक्त केली. एका साम्राज्याचा पंतप्रधान आपल्या झोपडीतल्या माणसाच्या हाती बंदूक देऊ पाहतो, ही घटना लक्षात ठेवण्याजोगी आहे. त्याच साम्राज्याचा दुसऱ्या देशातील व्यवहार आपण पुढे पाहणार आहोत.

या लाटेत ज्यांनी क्लब काढले त्यांत दोन लेखकांची नावे मराठी वाचकांच्या परिचयाची आहेत. मुंबईत जे. जे. कलाशाळेच्या आवारात जन्मलेल्या रड्यार्ड किपलिंग यांनी ससेक्समधील रॉटिंगडीन गावी १९०० मध्ये रायफल क्लब उभा केला. शेरलॉक होम्सचे जनक आर्थर कॉनन डॉईल दक्षिण आफ्रिकेतील लष्करी रुग्णालयात काम करून परतले आणि त्यांनी हाइंडहेड येथील आपल्या ‘अंडरशॉ’ या घरालगत क्लब सुरू केला. तेथे मॉरिस ट्यूब नावाची क्लृप्ती वापरली जाई. लष्करी रायफलीच्या जाड नळीत एक बारीक नळी सरकवायची आणि लहान, स्वस्त काडतूस उडवायचे. रायफल तीच, नेम धरण्याची पद्धत तीच, खर्च मात्र अल्प आणि जागा थोडी.

१९०१ मध्ये मेजर-जनरल लुआर्ड यांच्या पुढाकाराने श्रमिकांच्या रायफल क्लबांची एक संस्था निघाली. १९०३ मध्ये तिचे दुसऱ्या एका संघटनेशी एकीकरण होऊन ‘सोसायटी ऑफ मिनिएचर रायफल क्लब्ज’ अस्तित्वात आली. ‘मिनिएचर’ हा शब्द रायफलीच्या आकाराला उद्देशून नव्हता, तर काडतूस व अंतर यांना उद्देशून होता. लष्कराने मोडीत काढलेल्या मार्टिनी रायफलींना .२२ ची नळी बसवून त्या क्लबांना मिळू लागल्या. पुढे लॉर्ड रॉबर्ट्स या संस्थेचे अध्यक्ष झाले. कानपूर येथे १८३२ मध्ये जन्मलेला, १८५७-५८ च्या लढायांत व्हिक्टोरिया क्रॉस मिळविलेला आणि १८८५ ते १८९३ या काळात भारताचा सरसेनापती असलेला हा वृद्ध सेनानी आता इंग्लंडच्या खेड्यापाड्यांतील रेंजची उद्घाटने करीत फिरू लागला.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. रॉबर्ट्स यांना सैनिक हवे होते. क्लबच्या सदस्यांना मात्र खेळ हवा होता. पंचवीस यार्डांवरच्या कागदाला पोटावर झोपून निवांत नेम धरणारा माणूस युद्धात कितपत उपयोगी, अशी शंका लष्करी वर्तुळातून घेतली जाई आणि ती चुकीची म्हणता येत नाही. या चळवळीचा इतिहास केवळ साम्राज्यवादी लष्करीकरणाचा इतिहास म्हणून सांगण्याचा मोह अभ्यासकांना होतो. परंतु महायुद्धे संपली, साम्राज्य गेले, तरी क्लब टिकून राहिले. संस्थेने १९४७ मध्ये ‘नॅशनल स्मॉल-बोअर रायफल असोसिएशन’ असे नाव धारण केले, आणि तो खेळ आजही चालू आहे. हे टिकणे देशभक्तीने स्पष्ट होत नाही. त्याचे कारण क्लबच्या रोजच्या व्यवहारात शोधावे लागते.

कार्ड, साक्षीदार आणि टपाल

पंचवीस यार्डांच्या बंदिस्त रेंजवरील एका सामन्याचे स्वरूप असे असे. एका कार्डावर दहा छोटी काळी वर्तुळे छापलेली असत. प्रत्येक वर्तुळावर एकच गोळी झाडायची. प्रत्येक गोळीला कमाल दहा गुण, म्हणजे कार्डाचे शंभर. एकाच वर्तुळावर दहा गोळ्या झाडल्या तर एका मोठ्या भोकातून किती गोळ्या गेल्या यावर वाद होतो. दहा वर्तुळे केल्याने तो वाद उद्भवतच नाही. वरवर पाहता ही छपाईची बाब वाटते, परंतु मित्रांची मैत्री टिकविण्यात तिचा वाटा मोठा आहे. रेषेला जेमतेम शिवलेल्या गोळीसाठी भोकात घालायचे एक मापक असे, आणि ते घालण्याचा अधिकार गुण मोजणाऱ्याचा. नेमबाजाने भोकाला हात लावायचा नाही. मिडलंड्समधील मद्यगृहांत छऱ्याच्या रायफलीची जी लीग चालत असे, तिने तर कागदही दूर केला होता. लोखंडी पत्र्याला एक लहानसे भोक, त्यामागे घंटा. घंटा वाजली की नेम लागला, आणि साऱ्या गुत्त्याने ते ऐकलेले असे.

बरोबरीचा प्रश्न सरासरीने सोडविला गेला. प्रत्येकाच्या मागील कार्डांची सरासरी काढायची, आणि तीवरून त्याला एक तर बरोबरीच्या गटात बसवायचे किंवा गुणांची सूट द्यायची. यामुळे ऐंशीच्या आसपास खेळणारा पोस्टमन सत्त्याण्णव गुण घेणाऱ्या डॉक्टरला एखाद्या संध्याकाळी हरवू शकत असे. क्रिकेटमध्ये ‘जंटलमन’ आणि ‘प्लेअर’ ही दोन वर्गांची नावे धावफलकावर वेगळी लिहिली जात होती, त्याच काळात नेमबाजीच्या क्लबात माणूस ओळखला जाई तो त्याच्या सरासरीवरून. वर्गभेद तेथे नाहीसा झाला असे म्हणणे भाबडेपणाचे ठरेल. जमीन देणारा जमीनदार आणि चषक देणारा लॉर्ड होताच. पण निकालपत्रिकेत तो भेद दिसत नसे.

या सगळ्यात सर्वांत विलक्षण रचना होती ती टपाल सामन्यांची. दोन गावांतील क्लबांना प्रवास परवडत नसे. मग प्रत्येक क्लबाने आपापल्या रेंजवर खेळायचे, नेमबाजाबरोबर एका साक्षीदाराने कार्डावर सही करायची आणि कार्डे टपालाने गुणलेखकाकडे पाठवायची. काही दिवसांनी निकालपत्रिका परत येई. प्रतिस्पर्ध्याचा चेहरा न पाहता, त्याच्या रेंजवर कधी पाऊल न ठेवता वर्षानुवर्षे लीग चालत. १९०९ पासून तर ब्रिटन आणि अमेरिका यांच्यात टॉमस ड्यूअर यांनी दिलेल्या चषकासाठी याच पद्धतीने सामना होऊ लागला. दोन्ही संघ आपापल्या देशात खेळत आणि दुसऱ्या देशाचा प्रतिनिधी साक्षीला उभा राही.

टपाल सामन्यात फसवणूक करणे अवघड नव्हते. कार्ड बदलता आले असते, अंतर कमी करता आले असते, एखादी जादा गोळी झाडता आली असती. अटकाव एवढाच, की सही करणारा साक्षीदार त्याच गावातला, पुढच्या आठवड्यात शेजारी झोपून खेळणारा होता. खोटी सही करणाऱ्याला ती त्याच माणसांत वावरून पचवावी लागली असती. इतिहासाच्या अभ्यासकाला ‘नागरी समाज’ ही संकल्पना अनेकदा फार वरच्या पातळीवर, संसद आणि वृत्तपत्रे यांच्या संदर्भात भेटते. एका कारकुनाने दुसऱ्या कारकुनाच्या कार्डावर केलेली सही हाही तिचाच पुरावा होय.

मात्र या व्यवस्थेची दुसरी बाजूही आहे. १९०८ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये मिनिएचर रायफलीचे सामने बिस्लीला झाले आणि वैयक्तिक प्रकारांतील सर्व पदके ब्रिटिशांनीच घेतली. त्यांतील स्थिर लक्ष्याच्या सामन्यात फिलिप प्लेटर यांनी ४०० पैकी ३९१ गुण मिळविले व ते विजेते ठरले. नंतर लक्षात आले की एका देशाचे बाराच स्पर्धक खेळू शकत होते आणि नोंदणीच्या घोळात ब्रिटनचे तेरा जण खेळले होते. प्लेटर यांचे गुण रद्द झाले आणि ३८७ गुण मिळविणाऱ्या कार्नेल यांना सुवर्णपदक मिळाले. प्लेटर यांना सांत्वनादाखल वेगळे पदक देण्यात आले. गोळ्या त्यांनीच झाडल्या होत्या, भोके कार्डावर होती, कोणी लबाडीचा आरोपही केला नाही. तरी कागद चुकला म्हणून विक्रम उरला नाही.

पहिल्या महायुद्धानंतर बंडाच्या भीतीने इंग्लंडमध्ये १९२० चा कडक शस्त्रकायदा आला. त्यातही मान्यताप्राप्त रायफल क्लबच्या सदस्यांना क्लबच्या कामापुरती सवलत राहिली. १९६८ च्या कायद्याने मिनिएचर रायफल रेंज चालविणाऱ्याला प्रमाणपत्राविना लहान रायफल बाळगण्याची मुभा ठेवली. ती २०२३ च्या कायद्याने आवळण्यात आली. म्हणजे राज्यसंस्थेने मित्रमंडळींवर टाकलेला विश्वास शतकभर, कमीअधिक प्रमाणात, कायद्याच्या भाषेत लिहिलेला होता.

भारतातील शस्त्रकायदा

लॉर्ड सॉल्सबरी घरोघर रायफल पोचविण्याची भाषा करीत होते, त्या वेळी भारतात १८७८ चा शस्त्रकायदा लागू होऊन बावीस वर्षे झाली होती. लॉर्ड लिटन यांच्या कारकिर्दीतील या कायद्यानुसार परवान्याविना शस्त्र बाळगणे गुन्हा ठरला. नियमांतील सवलतींच्या यादीत युरोपीय आणि अँग्लो-इंडियन लोक होते; सामान्य भारतीय नव्हता. पुणे व मुंबई येथे स्वयंसेवक रायफल पथके होती, त्यांच्या रेंज होत्या, सामने होते, चषकही होते. पण त्या पथकांची भरती मुख्यतः याच सवलतप्राप्त वर्गांतून होई. पुण्याच्या छावणीतला युरोपीय कारकून रविवारी सकाळी रायफल घेऊन मित्रांबरोबर सामन्याला जाऊ शके. त्याच कचेरीतल्या त्याच्या बरोबरीच्या मराठी कारकुनाला ते शक्य नव्हते.

भारतीय राष्ट्रीय सभेने १८८६ च्या कलकत्ता अधिवेशनात भारतीयांना स्वयंसेवक पथकांत प्रवेश मिळावा असा ठराव केला आणि १८८७ च्या मद्रास अधिवेशनात शस्त्रकायद्यात बदल मागितला. या मागण्यांचे वाचन आपण स्वाभिमान आणि संरक्षण या दोन अंगांनी करीत आलो आहोत. वन्य प्राण्यांपासून शेतीचे रक्षण करता येत नाही, ही व्यावहारिक तक्रारही त्यांत होती. परंतु कायद्याने आणखी एक गोष्ट हिरावली होती व तिच्याकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. शस्त्राभोवती जमण्याची, नियम करण्याची, एकमेकांच्या कार्डावर सही करण्याची सवय समाजाला लागली नाही. आखाडे होते, तालमी होत्या, लेझीम आणि मल्लखांब होते. शरीराभोवतीची संघटना महाराष्ट्रात जोमदार होती. नेमबाजी मात्र एका टोकाला संस्थानिकांची शिकार आणि दुसऱ्या टोकाला क्रांतिकारकांचा गुप्त सराव, अशी दुभंगलेली राहिली. मधला, मोकळा, सामान्य माणसाचा भाग रिकामाच राहिला. स्वातंत्र्यानंतरही बराच काळ नेमबाजी म्हणजे राजेरजवाड्यांचा छंद हा समज टिकला, त्याचे मूळ येथे आहे. बिकानेरचे करणीसिंह यांच्या यशाने तो समज दृढच केला.

महाविद्यालयाचे मैदान

हा रिकामा भाग भरून निघाला तो क्लबाने नव्हे, महाविद्यालयाने. १९१७ च्या भारतीय संरक्षण दलात विद्यापीठांच्या तुकड्या उभारल्या गेल्या, १९२० च्या कायद्यानंतर त्यांना ‘युनिव्हर्सिटी ट्रेनिंग कोअर’ हे रूप आले आणि पंडित हृदयनाथ कुंझरू यांच्या समितीच्या शिफारशींनंतर १९४८ मध्ये राष्ट्रीय छात्रसेना, म्हणजे एनसीसी, स्थापन झाली. १९५९ च्या शस्त्रकायद्याच्या ४५ व्या कलमात, सैनिक व इतर काही सेवकांबरोबर, कर्तव्य बजावणाऱ्या छात्रालाही कायद्याच्या तरतुदींतून वगळले आहे. इंग्लंडमध्ये जी सवलत क्लबच्या सदस्याला मिळाली होती, ती येथे विद्यार्थ्याला, आणि तीही गणवेशात असताना, मिळाली. फरक सूक्ष्म वाटतो. तेथे राज्यसंस्थेने माणसांच्या आपसांतील विश्वासाला मान्यता दिली. येथे विश्वास वरून, तुकडीच्या मार्गाने, खाली आला.

छात्रांच्या हाती आलेली रायफलही इतिहासाचा धागा पुढे नेणारी होती. जिला बोलीत सर्वजण ‘पॉइंट टू टू’ म्हणत, त्या रायफलींपैकी नंबर २ मार्क ४ ही रायफल म्हणजे लष्करी ली-एनफिल्डच्या नळीचे .२२ साठी केलेले रूपांतर. म्हणजे मॉरिस ट्यूबचीच कल्पना, अधिक पक्क्या रूपात. अंतर तेच, पंचवीस यार्ड. कागदही जवळपास तोच. फक्त वरिष्ठ प्राध्यापकांपैकी अनेकांना ज्ञात असलेली एक बाब वेगळी होती : येथे गुणांपेक्षा पुंगळ्यांची मोजणी अधिक काटेकोर असे. दिलेली काडतुसे आणि परत आलेल्या रिकाम्या पुंगळ्या यांचा हिशेब जुळल्याखेरीज कोणाला मैदान सोडता येत नसे. छात्राच्या वाट्याला वर्षाकाठी मोजक्याच गोळ्या येत आणि पुष्कळांची नेमबाजी तेथेच संपे. तरीही या मोजक्या गोळ्यांतून काही नेमबाज पुढे आले. मुंबईच्या अंजली भागवत यांची रायफलशी ओळख एनसीसीतून झाली आणि २००० साली सिडनी ऑलिंपिकमध्ये त्या अंतिम फेरीत पोचल्या.

नागरी संघटनेचा आरंभही एका मराठी माणसाच्या नावाशी जोडलेला आहे. १९५१ मध्ये ‘नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया’ स्थापन झाली आणि तिचे पहिले अध्यक्ष गणेश वासुदेव मावळंकर हे होते. बडोद्यात जन्मलेले, अहमदाबादेत वकिली केलेले, गांधीजींच्या चळवळीत तुरुंगवास भोगलेले आणि १९५२ मध्ये लोकसभेचे पहिले अध्यक्ष झालेले दादासाहेब मावळंकर रायफल संघटनेच्या अध्यक्षपदी असावेत, याचे काहींना आश्चर्य वाटते. विसंगती वाटण्याचे कारण नाही. शस्त्रकायद्याविषयीची तक्रार नेमस्तांपासून गांधीजींपर्यंत सर्वांचीच होती. आणि सभागृहात नियमांनी बोलण्याची सवय ज्यांनी लावली, त्यांनाच नियमांनी नेम धरण्याची सवय महत्त्वाची वाटली असल्यास ते स्वाभाविक आहे. त्यांच्या नावाची अखिल भारतीय नेमबाजी स्पर्धा राष्ट्रीय स्पर्धेची पायरी म्हणून नेमबाजांच्या परिचयाची आहे. संघटना स्थापन झाल्यानंतर वर्षभरात, १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये, हरिहर बॅनर्जी ५० मीटर रायफल प्रकारात भारताकडून खेळले. या काडतुसाने भारताला मिळालेले पहिले ऑलिंपिक पदक मात्र विजयकुमार यांचे, २०१२ मधील २५ मीटर रॅपिड फायर पिस्तुलाचे रौप्य. ते सैन्यदलातील होते.

कोल्हापूरचे उदाहरण येथे विशेष ठरते. तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्युनिक येथे ५० मीटर रायफल प्रोन प्रकारात विश्वविजेतेपद मिळविले. राही सरनोबत यांनी २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचे सुवर्ण. आणि त्यानंतर कुसाळे. तिन्ही प्रकार रिमफायरचे आहेत. तालमींच्या या शहरात नेमबाजी रुजली ती सराव करणाऱ्यांनी एकमेकांना पाहून शिकण्याच्या, तालमीतल्याच रीतीने, असा तर्क करण्यास जागा आहे. तो तपासायचा तर विजेत्यांच्या मुलाखती पुरेशा नाहीत. जे कधी जिंकले नाहीत पण दर आठवड्याला रेंजवर येत राहिले, त्यांच्या गुणपत्रिका पाहाव्या लागतील.

अडचण येथेच आहे. इंग्लंडमधील क्लबांची जुनी कार्डे, निकालपत्रिका आणि इतिवृत्ते स्थानिक अभिलेखागारांत आणि क्लबच्या पेट्यांत मिळतात, कारण ती सदस्यांची स्वतःची होती. आपल्याकडील नेमबाजीचा कागद बहुतांशी सरकारी हिशेबाचा कागद आहे. त्यात काडतुसांची संख्या, पुंगळ्यांची संख्या आणि अधिकाऱ्याची सही सापडते. कोणी कोणाला किती गुणांनी हरविले हे सहसा सापडत नाही. मुदत संपलेले दप्तर म्हणून असे कागद रद्दीत जाण्याचा धोकाही मोठा आहे. महाविद्यालयांच्या एनसीसी कक्षांतील कपाटांत फायरिंगच्या ज्या वह्या अद्याप असतील, त्या स्थानिक इतिहासाची साधने म्हणून पाहिल्या गेलेल्या नाहीत.

राष्ट्रकुलातील छात्रांसाठी .२२ रायफलीची एक स्पर्धा ‘अर्ल रॉबर्ट्स’ यांच्या नावाने खेळली जात आली आहे. एनसीसीचे छात्र तीत भाग घेत आले आहेत. कानपुरात जन्मलेल्या ज्या सरसेनापतीच्या कारकिर्दीत भारतीय तरुणाला परवान्याविना रायफलीला हात लावता येत नव्हता, त्याच्याच नावाच्या चषकासाठी स्वतंत्र भारतातील तरुण आपल्याच देशातील मैदानावर झोपून नेम धरीत, आणि त्यांचे गुण इतर देशांतील छात्रांच्या गुणांशी ताडून पाहिले जात.